शाळेची घंटा कुणाच्या घड्याळावर?



आज आम्ही बचत गटाच्या बाया अभ्यासक्रमाविषयी बोलणार आहोत. शब्द ऐकून रेडिओ बंद करू नका! अभ्यासक्रम म्हणजे पुस्तकातले धडे, एवढंच आपल्याला वाटतं. पण शाळा किती वाजता भरते, कोण शिकवतं, परीक्षा कशी घेतात, हेसुद्धा त्यातच येतं. ही गोष्ट कामकरी मुलींच्या बाजूने नुसती बोलून न दाखवता गावोगाव करून पाहिली, ती डॉ. चित्रा नाईक यांनी.

चित्राताईंचा जन्म १९१८ सालचा, पुण्याचा. कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. तिथे ग्रामीण शिक्षणाचं काम त्यांनी जे. पी. नाईक यांच्यासोबत केलं. जे. पी. नाईक म्हणजे १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सचिव, आणि चित्राताईंचे पती. चित्राताई पुढे राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या. म्हणजे शिक्षण खात्याची कचेरीही त्यांनी आतून पाहिली आणि खेड्यातली शाळाही. १९८६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१० मध्ये त्या गेल्या.

आपल्या दृष्टीने त्यांचं सगळ्यांत मोठं काम पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतलं. १९७९ मध्ये या संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये एक संशोधन सुरू केलं. नऊ ते चौदा वर्षांची, शाळेत न जाणारी मुलं त्यांनी शोधली. त्यांत मुलीच जास्त निघाल्या. त्या दिवसा करत काय होत्या? पाणी भरत होत्या, गुरं राखत होत्या, धाकटी भावंडं सांभाळत होत्या, आईबरोबर खुरपायला जात होत्या. मुलीला अक्कल नाही किंवा आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, असा शेरा मारून हे संशोधन थांबलं नाही. शाळेची वेळ आणि मुलीच्या कामाची वेळ एकच आहे, हे त्यांनी ओळखलं.

मग वर्ग भरवले संध्याकाळी, कामं उरकल्यावर, साधारण दोन तास. शिकवायला गावातलीच शिकलेली माणसं घेतली. धड्यांत मुलींना ओळखीचं वाटेल असं जगणं आणलं, कारण जी मुलगी रोज बाजारहाट करते तिला हिशेब मुळात येतच असतो, फक्त तो कागदावर उतरवायचा असतो. परीक्षेची भीती काढून टाकली आणि बालजत्रा भरवल्या. आजूबाजूच्या गावांतली मुलं एकत्र जमायची, गाणी म्हणायची, खेळायची, आणि खेळता खेळता कुणाला काय येतं ते सगळ्यांना दिसायचं. वर्गावर लक्ष ठेवायला गावाचीच समिती होती.

या कामाचा प्रभाव लांबवर गेला. अशा शिक्षणाला अनौपचारिक शिक्षण म्हणतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याला मोठी जागा मिळाली. नव्वदच्या दशकात चित्राताई स्वतः नियोजन आयोगाच्या सदस्य होत्या.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अनौपचारिक वर्गांवर टीका झाली. श्रीमंताच्या पोराला दिवसभराची शाळा आणि गरिबाच्या पोरीला कंदिलाखाली दोन तास, हा कुठला न्याय, असं लोकांनी विचारलं. प्रश्न खराच आहे. जिथे शिकवणाऱ्याला ना प्रशिक्षण ना धड मानधन, तिथे असा वर्ग म्हणजे नावापुरती शाळा होते. म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला पूर्ण वेळेच्या शाळेचा हक्क दिला. आम्हालाही आमच्या मुलींसाठी पूर्ण शाळाच हवी आहे.

तरीही चित्राताईंचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. मुलीचा दिवस कशात जातो, हे शाळेने विचारायला हवं, आणि बायांनो, आपणही विचारायला हवं. गटाच्या कर्जातून म्हैस दारात येते. हप्ता कोण भरणार हे अर्जात लिहिलेलं असतं. तिचा चारापाणी, शेणघाण कोण करणार, हे कुठेच लिहिलेलं नसतं. आई कामावर आणि आजी थकलेली असली की ते काम आठवीतल्या पोरीच्या गळ्यात पडतं. आधी एक दिवस शाळा बुडते, मग आठवडा, मग हजेरीपटावर नुसतंच नाव राहतं. चौदा-पंधराव्या वर्षी घरी बसलेल्या पोरीला स्थळं यायला किती वेळ लागतो, ते आपण सगळ्या जाणतो.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय, कर्ज मंजूर करताना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा: या धंद्याचं रोजचं काम घरातलं कोण करणार? उत्तर "पोरगी" असं आलं, तर कर्ज नाकारायचं नाही. पण सगळ्यांनी बसून वाट काढायची. शेजारणी आळीपाळीने गुरं बघतील, नाहीतर घरातला पुरुष धार काढेल. त्याच्या हाताला काही होत नाही!

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शाळा सुटलेल्या मुलीला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, हा तिचा कायद्याने हक्क आहे. चौदा वर्षांच्या पुढच्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. दुसरं म्हणजे, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायलाच हव्यात. नुसती सही करायला तिथे जाऊ नका. महिनाभरात कोणकोणत्या मुली गैरहजर होत्या, त्यांची नावं विचारा आणि त्यांच्या घरी जाऊन या.

चित्राताईंचं संशोधन शेवटी गावातल्या दारात जाऊन "तुझी पोर दिवसभर काय करते?" हे विचारण्यातूनच उभं राहिलं. येत्या बैठकीत वह्या भरून झाल्या की आपणही एकमेकींना तेच विचारू या.