घरबसल्या शेअरव्यवहार : आरंभापूर्वीचा विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एस्प्लनेड येथे दिलेले भाषण)



आजचा विषय आम्ही मागून घेतलेला नाही. तो कार्यकारिणीने आमच्यावर सोपविला आहे. नाट्य, संगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीत शेअरबाजाराचे पान मांडलेले पाहून काही ज्येष्ठांच्या भुवया वर गेल्या असतील. परंतु आरतीनंतर प्रसादाचे द्रोण हाती आले की मंडपाच्या कडेला जी कुजबुज चालते, तीत आता मोबाईलवरचे भाव हटकून ऐकू येतात. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभे असलेले आमच्यासारखे नोकरदार आणि नुकतीच कमावती झालेली त्यांची मुले, दोघांनाही हे दार खुणावीत आहे. एकाच्या हाती आयुष्यात प्रथमच मोठी एकरकमी पुंजी येणार, तर दुसऱ्याच्या हाती वेळच वेळ. धोका पहिल्याला अधिक, कारण गेलेली रक्कम पुन्हा मिळविण्यास त्याच्यापाशी नोकरीची वर्षे उरलेली नसतात.

या सभागृहातून निघून, राज्यपालांच्या निवासस्थानाला वळसा घालून लालदिघीपलीकडे गेले, की रायटर्स बिल्डिंगच्या पाठीमागे लायन्स रेंज लागते. एकोणिसाव्या शतकात येथील दलाल एका कडुनिंबाखाली जमत, असे सांगतात. मुंबईचे दलाल वडाखाली जमत. झाडांचा हा भेद वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहावा! कलकत्ता स्टॉक एक्स्चेंजची रीतसर स्थापना 1908 मध्ये झाली आणि 1928 मध्ये त्याची लायन्स रेंजवरील वास्तू उभी राहिली. ताग, चहा आणि कोळसा यांच्या कंपन्यांचे भाव येथे ठरत. मार्च 2001 मध्ये काही दलालांना देणी चुकती करता आली नाहीत व या बाजाराचा कणा मोडला. एप्रिल 2013 मध्ये सेबीने तेथील व्यवहारच थांबविले. सारदा समूहाचा डोलारा याच महिन्यात कोसळला. त्यापूर्वी 1980 मध्ये संचयितेनेही कलकत्तेकरांना असेच पोळले होते. या दोन्ही प्रकरणांचा शेअरबाजाराशी संबंध नव्हता. पण वरचढ व्याजाच्या आश्वासनावर पावती न पारखता पैसे देण्याची वृत्ती तीच होती. आज तीच वृत्ती व्हॉट्सअॅपच्या गटांतून आणि खोट्या अॅपांतून आपल्या घरात शिरली आहे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. नव्या व्यवस्थेचा पाया 1996 च्या डिपॉझिटरी कायद्याने घातला. त्यामुळे शेअर कागदावरून खात्यात आले, आणि 2000 मध्ये सेबीने इंटरनेटवरून व्यवहाराला अनुमती दिली. नवख्या माणसाने तीन खाती वेगवेगळी ओळखावीत. पैसा बँकेच्या खात्यात असतो, खरेदीविक्रीचा आदेश दलालाकडील ट्रेडिंग खात्यातून जातो आणि घेतलेले शेअर डीमॅट खात्यात जमा होतात. हे डीमॅट खाते दलालामार्फत उघडले तरी त्याची अंतिम नोंद एनएसडीएल वा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असते. म्हणून दलालाचे अॅप काय दाखविते एवढ्यावर न विसंबता डिपॉझिटरीकडून येणारे एकत्रित विवरणपत्र वाचावे. कार्यालयात खातेवही आणि बँकेचे पासबुक जुळविण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे निराळे सांगणे नको.

खाते उघडण्यास पॅन, आधार आणि बँक खाते पुरते. दलालाचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत पाहून घ्यावा. खासगी व्यक्तीच्या खात्यावर पैसे भरण्यास कोणी सांगितले तर संभाषण तेथेच थांबवावे. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

पहिला आदेश देताना भाव स्वतः नमूद करावा. याला लिमिट ऑर्डर म्हणतात. मार्केट ऑर्डर म्हणजे 'मिळेल त्या भावाने द्या' असे सांगणे. भाजी बाजारातही आपण असे सांगत नाही. व्यवहार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत चालतो. आरंभीची काही मिनिटे भाव फार उसळतात, तेव्हा घाई नसावी. जानेवारी 2023 पासून सर्वच शेअरांचा हिशेब दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. सोमवारी घेतलेला शेअर मंगळवारी खात्यात येतो.

'दलाली शून्य' ही जाहिरात वाचून हुरळून जाऊ नये. दहा हजारांचे शेअर घेतले तर रोखे व्यवहार कर दहा रुपये आणि मुद्रांक शुल्क दीड रुपया लागतोच. विकताना पुन्हा कर, वर डीमॅटचे शुल्क. वर्षभराच्या आत विकून नफा झाला तर जुलै 2024 पासून त्यावर वीस टक्के कर आहे. वर्षापेक्षा अधिक काळ ठेवल्यास सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के. उलाढाल जितकी अधिक, तितका हा झिरपा मोठा.

येथे आमच्या सरकारी बांधवांसाठी थोडे थांबतो. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, 1964 यांतील सोळाव्या नियमाने शेअरमधील सट्टा निषिद्ध मानला असून वारंवार खरेदीविक्री म्हणजेच सट्टा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अधिकृत दलालामार्फत प्रसंगोपात्त केलेली गुंतवणूक मात्र वर्ज्य नाही. वर्षभरातील एकूण व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक झाले तर ते कळवावे लागतात. हे नियम लिहिणाऱ्या अनाम सचिवाला बाजार किती कळत होता कोण जाणे, पण त्याने ओढलेली रेषा खासगी नोकरदारांनीही पाळण्याजोगी आहे. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटींवर पोचला. एकाच दिवसात घेऊन विकणाऱ्यांतही 2022-23 मध्ये दहांपैकी सात जण बुडाले. मुलांनी 'बाबा, तुम्हांला कळत नाही' म्हटले, तर हे आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत. कोणती कंपनी घ्यावी हे मात्र आम्ही सांगणार नाही. तो अधिकार आमचा नाही.

शेवटी, आपल्यासारख्या बदलीच्या घरांचा खास प्रश्न. वडिलांनी नागपुरात घेतलेली शेअर सर्टिफिकेटे जबलपूर, गुवाहाटी करीत येथवर ट्रंकेतून आली. कंपनीच्या दप्तरी पत्ता मात्र पहिलाच राहिला. लाभांश परत जात राहतो, आणि तो सलग सात वर्षे कोणी घेतला नाही तर पैशाबरोबर शेअरही केंद्राच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते अर्ज करून परत मिळतात, पण कागदांची जुळवाजुळव दमविते. त्यात आपली नावे! सर्टिफिकेटावर आद्याक्षरे, पॅनवर वडिलांसह पूर्ण नाव, आणि वहिनींचे तर लग्नात आडनावाबरोबर नावही बदललेले. एप्रिल 2019 पासून कागदी शेअरांचे हस्तांतर बंद आहे. ते विकायचे तर आधी डीमॅट करावे लागतात आणि तेथे नावांतील प्रत्येक फरकाचा पुरावा मागतात. विवाहाचा दाखला व राजपत्रातील नावबदलाची सूचना यांच्या प्रती आजच एका ठिकाणी ठेवाव्यात. खात्यावर वारसाचे नामनिर्देशन करावे आणि ते केल्याचे घरातील गृहिणीला सांगावे. परप्रांतात एकाकी पडलेल्या बाईने पतीच्या मोबाईलचा परवलीचा शब्द शोधीत बसावे, हे दृश्य आम्ही याच शहरात पाहिले आहे.

चहापानानंतर आम्ही तासभर येथेच थांबणार आहोत. ज्यांनी घरची जुनी सर्टिफिकेटे आणली असतील त्यांनी ती आणि पॅन कार्ड घेऊन डावीकडच्या टेबलापाशी यावे. नावे आणि पत्ते एकेक करून ताडून पाहू.