वानखेडे आणि ताक्लोबान

नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन ७४ धावांवर बाद झाला, तेव्हा मलाही भरून आले. पण त्या आठवड्यातला आमच्या घरचा पेपर आठवतो. पहिले पान सचिन, शेवटचे सचिन, पुरवणीही त्याचीच, बॅटचे वजनसुद्धा! फिलिपिन्सचे हैयान वादळ आतल्या पानावर, मृतांच्या आकड्यापुरते.

आम्हा कोकणी मुसलमानांची पोरे पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर. माझ्या चुलतभावाच्या जहाजावरचा स्वयंपाकी लेयटे बेटावरचा. भावाने फोनवर विचारले, "भाई, पेपरात ताक्लोबानचं काही आलंय का? याच्या घरी फोन लागत नाही." आकडा वाचून दाखवायला माझी जीभ रेटेना.

खरी बातमी पुढे कळली. ८ नोव्हेंबरच्या आधी तिथे इशारा दिला गेला होता, पण 'स्टॉर्म सर्ज' या इंग्रजी शब्दाचा अर्थच अनेकांना उमगला नाही. माणसे घरातच थांबली आणि समुद्र आत शिरला. ६ हजारांवर माणसे गेली. आपण त्याला काय म्हणणार, उधाण? ते तर दर अमावास्या-पौर्णिमेला येते. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना कोणता शब्द सांगायचा, यासाठी अर्धे पान तरी हवे होते. जून २०२० मध्ये 'निसर्ग' रायगडला धडकले, तेव्हाही मी तो शब्द शोधतच होतो.