उन्हाळा आणि मुलांचा अभ्यास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला दोन शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेही गावी झालेले. पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडले ते तुम्हांला सांगावेसे वाटले म्हणून उभी राहिले आहे.

आमची खोली लालबागला, चाळीच्या अगदी वरच्या मजल्यावर. डोक्यावर पत्रा. धाकटा दहावीला गणितात गेला आणि पुरवणी परीक्षेसाठी मी त्याला भर मे महिन्यात रोज दुपारी अभ्यासाला बसवू लागले. तो पेंगायचा, साधी वजाबाकी चुकवायचा. मी त्याला मठ्ठ म्हटले. एकदा तर लाटण्याचा एक फटकाही दिला. त्याचे मला अजून वाईट वाटते. मग एका दुपारी त्याला उलटी झाली, अंग घामाने चिंब, हातपाय गार. शेजारची मुलगी परिचारिका आहे. तिने त्याला गॅलरीत निजविले, ओल्या फडक्याने अंग पुसले, मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले आणि मला म्हणाली, "काकू, पोरगा मठ्ठ नाही हो, तापलाय."

तिनेच समजावून सांगितले. अंग थंड होते ते घाम वाळल्याने. नागपुरास ऊन जास्त, पण हवा कोरडी. आपल्याकडे हवेतच पाणी, घाम नुसता ओघळतो. म्हणून हवामान खाते सपाटीवर 40 अंशांना उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर 37 अंशांनाच. त्यातून रात्री भिंती तापलेल्या, झोप नाही; झोप न झालेल्या मुलाच्या लक्षात काय राहणार?

आमच्या वाडीतल्या शिक्षिकाबाईंनी अमेरिकेतला एक अभ्यासही वाचून दाखविला. 2020 साली छापलेला, जवळजवळ एक कोटी विद्यार्थ्यांच्या गुणांवरचा. शाळेचे वर्ष एक अंश फॅरनहाइटने अधिक गरम गेले, तर त्या वर्षीचे सुमारे एक टक्का शिक्षण वाया जाते. वर्ग थंड ठेवणाऱ्या शाळांत मात्र हे नुकसान जवळपास दिसले नाही. म्हणजे दोष मुलांच्या डोक्याचा नव्हे, छपराचा! गरम मुलखातली माणसे मुळातच सुस्त, असे साहेबलोक म्हणत. आणि मुंबई सरकारचा उन्हाळा मात्र महाबळेश्वरी जाई. आपल्या परळच्या एका खोलीत बाबासाहेब आंबेडकरांनी अभ्यास केला. गर्दीमुळे वडील त्यांना रात्री दोनला उठवीत. 1907 साली ते मॅट्रिक झाले.

मीही वेळ बदलली. पहाटे चार ते सात गॅलरीत अभ्यास, दुपारी विश्रांती. मुलगा पास झाला, काठावर का होईना.

आता आपल्याबद्दल. स्टोव्हजवळ उभ्या आपण, आणि पाणी सर्वांत कमी पिणाऱ्याही आपणच. कारण सांगायला नको. सार्वजनिक संडास, रांग, दिवसा जाण्याची अडचण. मीही तेच करीत होते आणि लघवीच्या जळजळीने दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या. उन्हाला हलके समजू नका. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या समारंभानंतर उष्माघाताने 14 माणसे गेली.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; याहून मीठ जास्त नको. पण माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी घालू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच इस्पितळात न्या.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपली ही तळमजल्याची खोली दुपारी बारा ते पाच कुलूपबंद असते. इथे गारवा आहे, दोन पंखे आहेत. एप्रिल-मे मध्ये ती वरच्या मजल्यांवरच्या मुलांना अभ्यासासाठी उघडी ठेवावी. विजेच्या बिलाचे काय, असे कोणी विचारील. घरटी दहा रुपये काढू. माठ मी आणते. चावी माझ्याजवळ दिलीत तर झाडलोटही मीच करीन.