पोरीची वही आणि दुबार पेरणी
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही. आज सहावी, सातवी, आठवीतल्या आपल्या लेकरांच्या विज्ञान स्पर्धेवर बोलायचं आहे. कोणी म्हणेल, हा विषय मास्तरांचा, बैठकीत कशाला? तर आधी आमची एक चूक कबूल करतो, मग कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात आम्हाला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शेतीची पदवी आहे, म्हणून हा मान. टेबलांवर थर्माकोलचे ज्वालामुखी होते, सोडा आणि व्हिनेगर घातलं की फसफसणारे. ठिबकचं एक रंगीत मॉडेल होतं, मोटार लावलेलं. कोपऱ्यात सातवीतली एक मुलगी ओलं गोणपाट आणि एक वही घेऊन उभी होती. गोणपाटात ज्वारीचे मोड आलेले दाणे. आम्ही विचारलं, "यात नवीन काय?" पोर गप्प राहिली. आम्ही पुढे सरकलो. बक्षीस ठिबकच्या मॉडेलला दिलं.

बाहेर टपरीवर तिचे वडील भेटले. म्हणाले, "साहेब, वही वाचली का?" आम्ही वाचली नव्हती. मग तिथेच, चहा थंड होईपर्यंत वाचली.

पेरणीआधी पोरीनं घरच्या कणगीतली ज्वारी आणि दुकानातून आणलेल्या पिशवीतली ज्वारी, दोन्हींचे दाणे मोजून गोणपाटात ठेवले होते. पिशवीतले दाणे घरच्यापेक्षा बरेच कमी उगवले. बापानं ते हसण्यावारी नेलं आणि पिशवीच पेरली. पण पोर हट्टाला पेटली, म्हणून त्याच वावरात, त्याच दिवशी, त्याच तिफणीनं दोन तासं घरच्या बियाण्याची पेरली. पंधरवड्यात ती दोन तासं भरून आली, बाकीचं रान विरळ. दुबार पेरणी नशिबी आली.

आता पुढचं ऐका. तक्रार केली तेव्हा दुकानदार म्हणाला, पावसानं ओढ दिली. दुसरा म्हणाला, बी खोल पडलं. तिसरा म्हणाला, वापसा नव्हता. दर वर्षी आपल्याला हीच उत्तरं मिळतात आणि आपण मान खाली घालून परत येतो. या बापानं त्या दोन तासांकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "पाऊस तोच, माती तीच, तिफण तीच. मग ही कशी उगवली?" कोणाजवळ उत्तर नव्हतं.

मंडळी, विज्ञान म्हणतात ते हेच. सगळं सारखं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजून लिहायचा. आम्ही हे कॉलेजात शिकलो, परीक्षा पास झालो आणि समोर आलं तेव्हा ओळखलं नाही. सातवीतल्या पोरीनं ते करून दाखवलं होतं.

अशा कामासाठी एक जागा आहे. १९९३ साली केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्यानं राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद सुरू केली. ती १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी. तिथे चकचकीत मॉडेल लागत नाही. आपल्या गावातला प्रश्न घ्यायचा, स्वतः मोजमाप करायचं आणि आपल्या भाषेत मांडायचं. जिल्हा, मग राज्य, मग देश, अशा तिच्या पायऱ्या. ज्याच्या दारात कोरडवाहू शेती आहे, त्याच्या लेकराला प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही.

उगवणीची चाचणी कशी करायची ते सांगतो. मूठभर बी घ्यायचं आणि न निवडता शंभर दाणे मोजायचे. चांगले दाणे वेचले की चाचणी खोटी झाली. असे शंभराचे चार गट करायचे, कारण एका शंभरात नशिबाचा खेळ असतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे. ज्वारी चौथ्या आणि दहाव्या दिवशी मोजायची, सरकी चौथ्या आणि बाराव्या. धड मूळ आणि धड कोंब असलेलाच दाणा धरायचा. प्रमाणित ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के असायला हवी. शंभरातले पन्नासच उगवले, तर तेवढ्याच रोपांसाठी दीडपट बी लागेल. हा हिशेब पोर पाटीवर करू शकतं.

एक बजावून सांगतो. पिशवीतल्या रंगवलेल्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं. त्याला लेकरांचा उघडा हात लागू देऊ नका. ते मोठ्यानं हातमोजे घालून मांडायचं, मुलांनी फक्त मोजायचं. पिशवी, पावती आणि थोडं बी जपून ठेवायचं.

आमचं मागणं मोठं नाही. यंदा पेरणीला लेकराला दोन तासं द्या. त्यात काय पेरायचं ते त्याला ठरवू द्या. वही त्यालाच लिहू द्या. शहरातून तयार मॉडेल विकत आणू नका, त्या पैशात बी येतं. आणि त्याचे आकडे तुमच्या म्हणण्याविरुद्ध गेले, तर रागावू नका. आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले, तर पुढच्या बैठकीत वही घेऊन या आणि सगळ्यांसमोर आम्हाला दाखवा.

त्या पोरीला आम्ही बक्षीस दिलं नाही. ते आता देता येत नाही. पण "यात नवीन काय?" हा प्रश्न आम्ही त्या दिवसापासून टाकून दिला. आता कुठल्याही लेकरासमोर उभे राहिलो की एवढंच विचारतो, "तू काय मोजलंस?" तुम्हीही घरी जाऊन हेच विचारा.