कानाचा दुसरा शत्रु



गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. आज वीसएक वर्षें तो ट्रॉल्यांना आणि शेतीच्या अवजारांना फवाऱ्यानें रंग देण्याचें काम करितो. मीं कुशल विचारलें. त्यानें उत्तर दिलें तें भलत्याच प्रश्नाचें. कूलर बंद केला तेव्हां कोठें आमचें बोलणें मार्गाला लागलें. "गुरुजी, आवाज ऐकूं येतो, पण शब्द उमगत नाहींत," तो म्हणाला. कामावर तो बेफिकीर ठरला आहे. घरीं बायकोला वाटतें कीं हा मुद्दाम बोलणें टाळतो. मला माझी शाळा आठवली. शेवटच्या बाकावरील मुलानें उत्तर दिलें नाहीं कीं त्याचें लक्ष नाहीं, असा निवाडा मीही कित्येकदां दिला आहे. त्यांतील कांहींना ऐकूंच येत नसेल, हा विचार निवृत्तीनंतर मनांत आला.

बहिरेपणा म्हटला कीं आपण गोंगाटाकडे बोट दाखवितों, आणि तें चुकीचें नाहीं. जळगांव व धुळें येथील कापडगिरण्यांत मागांच्या खडखडाटांत हयात घालविलेलीं माणसें घरींही ओरडून बोलत, हें जुन्या मंडळींस आठवत असेल. परंतु कानाला दुसराही एक शत्रु आहे. त्याला आवाज नाहीं, केवळ वास आहे. तो म्हणजे द्रावक रसायनें.

हीं रसायनें दूरचीं नाहींत. रंग पातळ करण्याच्या थिनरमध्यें बहुधा टोल्यूइन व झायलीन असतें. कांहीं प्रकारच्या छपाईच्या शाईंतही टोल्यूइन असतें. फायबरच्या टाक्या घडवितांना स्टायरीनची वाफ सुटते. आणि आपल्या खानदेशची सरकी घ्या. घाण्यांतून निघालेल्या पेंडींत उरलेलें तेल काढून घेण्यासाठीं हेक्झेन नांवाचें द्रावक वापरतात. तें हातापायांच्या मज्जातंतूंस अपाय करितें, हें पूर्वींपासून ठाऊक आहे. कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गासही तें सोडीत नाहीं.

नाकावाटे गेलेली वाफ कानाला कशी बाधते, असें कोणी विचारील. फुप्फुसांतून ती रक्तांत मिसळते व रक्ताबरोबर अंतःकर्णांत पोंचते. तेथें शंखाकृति नळींत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. त्यांच्यावरच आपलें ऐकणें अवलंबून आहे. टोल्यूइन व स्टायरीन यांनीं या पेशी मरतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसलें आहे. आणि मेलेली केशपेशी माणसांत पुन्हां उगवत नाहीं. शिवाय मोठा आवाज होतांच मध्यकर्णांतील एक लहानसा स्नायु आकुंचन पावून आंतील भागाचें रक्षण करितो. टोल्यूइन त्या पहारेकऱ्यासही सुस्त करितें. म्हणून द्रावक आणि गोंगाट एकत्र आले कीं हानि वाढते.

स्वीडनमधील एका उद्योगांत कामगारांच्या कानांची वीस वर्षें पाहणी झाली. तिचा निष्कर्ष १९८६ सालीं प्रसिद्ध झाला. रासायनिक विभागांत २३ टक्के कामगारांची श्रवणशक्ति बरीच क्षीण झाली होती. इतर विभागांत हें प्रमाण ५ ते ८ टक्के होतें. आणि गोंगाट तर रासायनिक विभागांतच कमी होता! ब्राझीलमध्यें थाइस मोराता यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, केवळ गोंगाट सोसणाऱ्यांस धोका सुमारें ४ पट, तर गोंगाट व टोल्यूइन दोन्ही सोसणाऱ्या छापखान्यांतील कामगारांस सुमारें ११ पट आढळला.

आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या रोगांच्या यादींत बहिरेपणा आला, पण त्याचें कारण एकच लिहिलें गेलें: मोठा आवाज. युरोपनें २००३ च्या आदेशांत गोंगाट व रसायनें यांच्या संयुक्त परिणामाचा विचार मालकांवर बंधनकारक केला. अमेरिकन सरकारच्या खात्यांनीं २०१८ सालीं तसा इशारा दिला. जेथें गोंगाट बेताचा, तेथें कान तपासण्याची कोणास आठवणच होत नाहीं; माझा विद्यार्थी नेमका तेथेंच सांपडला.

उपाय अवघड नाहींत. जेथें चालेल तेथें पाण्यांत कालविलेले रंग वापरावे. वाफ जेथें निघते तेथूनच ती पंख्यानें बाहेर ओढून घ्यावी. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवील, वाफ नाहीं; तीसाठीं कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच हवा. कानांतील बोळे आवाज अडवितात, रक्तांतील विष अडवीत नाहींत. कामावर लागतांना आणि पुढें दरवर्षीं कानांची तपासणी व्हावी. तींत शिट्टीसारखे सूर ऐकविणें पुरेसें नाहीं, गोंगाटांतील शब्द कळतात कीं नाहीं हेंही पाहावें. कारण सुरांच्या चाचणींत उत्तीर्ण झालेला मनुष्य संभाषणांत नापास होऊं शकतो.

आपणांपैकीं कोणी कारखान्याचे मालक असतील, कोणाच्या घरीं दिवाळीपूर्वीं रंगारी येतील. त्यांच्यासाठीं निदान खिडक्या उघड्या ठेवा. आणि एखाद्यानें हांकेला ओ दिली नाहीं, तर रागावण्यापूर्वीं जवळ जाऊन पुन्हां विचारा. मीं तें फार उशिरा शिकलों.