गर्दीतले अरण्य



बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘अमेरिकेतील एक तंबूप्रवास’ असा लिहिलेला आहे. तेव्हा थोडे प्रवासवर्णन मी करणारच आहे. परंतु ते निमित्त आहे. माझा खरा विषय एक प्रश्न आहे, आणि तो असा : निसर्गाची एखादी अलौकिक जागा सर्व जनतेच्या मालकीची आहे असे एकदा जाहीर केले, आणि मग खरोखरच सर्व जनता तेथे आली, तर काय करायचे?

कॅलिफोर्नियातील योसेमिटी हे राष्ट्रीय उद्यान गेली दीडशे वर्षे या प्रश्नाशी झुंजत आहे. ‘उद्यान’ या शब्दाने आपली फसगत होऊ देऊ नका. उद्यान म्हटले की आपल्यापुढे बाके, कारंजे आणि भेळवाला उभा राहतो. योसेमिटीचे क्षेत्रफळ तीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. पाचसहा बृहन्मुंबया त्यात सहज मावतील. सिएरा नेवाडा पर्वताचा तो एक सबंध तुकडा आहे. पण जिच्यासाठी जग तेथे लोटते ती दरी मात्र लहान आहे : सुमारे अकरा किलोमीटर लांब आणि एकदीड किलोमीटर रुंद. हिमनद्यांनी कोरून काढलेली ही दरी, तिच्या दोन्ही अंगांना करड्या ग्रॅनाइटच्या सरळ तुटलेल्या भिंती, आणि मधून मर्सेड नदी. त्यांपैकी एल कॅपिटन नावाचा एकच कडा जमिनीपासून सुमारे ९०० मीटर उभा आहे. बारा कुतुबमिनार एकावर एक रचा, म्हणजे अंदाज येईल. योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत ७३९ मीटर खाली येतो. एवढे वैभव, आणि ते एवढ्याशा ओंजळीत! सारी अडचण येथूनच सुरू होते.

थोडा इतिहास सांगतो. ही दरी ओसाड नव्हती. तेथे आवानीची नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला, आणि १८५१ साली मारिपोसा बटालियन नावाची सशस्त्र तुकडी त्यांना हुसकावण्यासाठी दरीत शिरली. त्यांच्या प्रमुखाचे नाव तेनाया. वरच्या पठारावरच्या एका सुंदर सरोवराला त्या तुकडीने त्याचेच नाव दिले. सरोवराला आमचे नाव आधीपासूनच आहे, असे तो म्हणाल्याची नोंद त्या तुकडीतल्याच एकाने करून ठेवली आहे. ज्यांनी घर घेतले त्यांनीच घराला घरमालकाचे नाव द्यावे, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद आहे. सर्वांच्या मालकीची जागा आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘सर्वां’तून आधी कोणाला वगळले गेले, हे विसरू नये.

त्यानंतर १८६४ च्या ३० जूनला, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली, आणि ही दरी व मारिपोसाची प्रचंड वृक्षराजी सार्वजनिक उपयोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली झाली. लिंकननी ती दरी कधी पाहिली नाही. पुढे १८९० मध्ये सभोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

दरीच्या व्यवस्थेसाठी जे मंडळ नेमले, त्यात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड होते. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ज्यांनी रचले, तेच हे गृहस्थ. त्यांनी १८६५ साली एक अहवाल लिहिला. त्या वेळी वर्षाकाठी काही शेकडा माणसेच दरीत पोहोचत होती, तीही खेचरांवरून. तरीही या माणसाने लिहून ठेवले की, शंभर वर्षांत येथे लाखो माणसे येतील; म्हणून एकेका माणसाच्या हातून होणारे नुकसान क्षुल्लक समजू नका, त्याला लाखांनी गुणून पाहा. आणि त्याच अहवालात हेही सांगितले की, असे सौंदर्य मूठभर श्रीमंतांच्या मिरासदारीचे नव्हे, सामान्य माणसाचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात! तो अहवाल सहकाऱ्यांनी दडपला. तो छापून प्रसिद्ध झाला १९५२ साली. आणि योगायोग पाहा : दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, योसेमिटीला वर्षभरात येणाऱ्यांचा आकडा प्रथमच १० लाखांवर गेला. २०१६ साली तो ५० लाखांवर पोहोचला, आणि २०२४ साली ४१ लाखांच्या आसपास होता. दरीची रुंदी मात्र ओल्मस्टेडच्या वेळी होती तेवढीच आहे.

आता प्रवासाकडे येतो. आम्ही २०२४ च्या जुलैत गेलो. माझा पुतण्या सॅन होजेला असतो. त्या भागात आपली पुष्कळ मराठी मंडळी आहेत, आणि उन्हाळ्यात तंबू घेऊन योसेमिटीला जाणे हा त्यांच्याही घरोघरचा कुळाचार झालेला आहे. परंतु तंबू ठोकण्याची जागा मिळणे ही सोपी गोष्ट नव्हे. चारपाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, सकाळी ठीक ७ वाजता नोंदणी उघडते आणि बघता बघता संपते. पुतण्या एका यंत्रावर, सूनबाई दुसऱ्यावर, अशी मोर्चेबांधणी करून त्यांनी जागा पटकावली. गणपतीसाठी कोकण रेल्वेचे तिकीट ज्यांनी काढले आहे, त्यांना हे युद्ध अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. एका जागेवर माणसे सहाच. ती चौघे आणि आम्ही दोघे, असा हिशेब बरोबर जुळला.

वाट मर्सेड आणि मारिपोसा या गावांवरून, मर्सेड नदीच्या काठाकाठाने जाते. एकेकाळी याच नदीकाठाने आगगाडी जात असे. १९०७ साली सुरू झालेली ही आगगाडी मर्सेडपासून उद्यानाच्या उंबरठ्यावरच्या एल पोर्टलपर्यंत प्रवासी नेई. १९२६ मध्ये मोटारींचा बारमाही रस्ता झाला, गाडी रिकामी पडू लागली, आणि १९४५ मध्ये ती बंद झाली. हे ध्यानात ठेवा. याकडे मी पुन्हा येणार आहे.

आमचा तळ अपर पाइन्स नावाच्या पाइनवृक्षांच्या राईत होता. तेथे दोनशेहून अधिक तंबूंच्या जागा आहेत. म्हणजे अरण्यवास म्हणून निघालेला मनुष्य एका चाळीत येऊन पडतो, असे म्हटले तरी चालेल. एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला चिनी, पलीकडे तेलुगू, आणि आमच्याकडे मराठी. पण रात्री १० वाजले, शांततेची वेळ सुरू झाली, आणि तो सबंध तळ खरोखरच निःशब्द झाला. नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. गर्दी आणि गोंगाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या रात्री समजले.

प्रत्येक तंबूपाशी एक जड लोखंडी पेटी असते. आमच्या मंडळींनी बरोबर आणलेले लाडू आणि लसणीची चटणी, सारे त्या पेटीत गेले. मोटारीतही काही ठेवायचे नाही. शेवटी दात घासण्याची पेस्टही पेटीत टाकायला सांगितली, तेव्हा मी विचारले, “अस्वलाला दंतमंजन कशाला लागते?” पुतण्याची आठ वर्षांची मुलगी गंभीरपणे म्हणाली, “आजोबा, त्याला वास येतो ना! आणि एकदा खायला मिळालं की ते परत परत येतं, मग त्याला मारावं लागतं.”

मुलीचे म्हणणे शब्दशः खरे आहे. पूर्वी या दरीत उलटे होते. १९२० आणि ३० च्या दशकांत कचऱ्याच्या ढिगावर अस्वलांना जेवायला घालून प्रेक्षकांना तो खेळ दाखवीत असत. १९४० मध्ये तो बंद झाला. पण माणसाचे अन्न म्हणजे सोपे अन्न, हा धडा अस्वले विसरली नाहीत. १९९८ या एका वर्षात अस्वलांनी मोटारी फोडणे, सामान पळवणे असे दीड हजारांहून अधिक प्रकार केले. त्यानंतर पेट्या, तपासणी आणि दंड यांची कडक अंमलबजावणी झाली, आणि हे प्रकार नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. ध्यानात घ्या, माणसांची संख्या घटली नव्हती. माणसांची वागणूक बदलली होती.

आता मोटारीचे पुराण. दरीत पहिली मोटार आली १९०० साली. १९०७ मध्ये मोटारींना बंदी झाली. पुढे मोटारवाल्यांनी उचल खाल्ली, तेव्हा १९१२ साली अमेरिकेतील ब्रिटिश वकील जेम्स ब्राइस यांनी इशारा दिला, आणि मोटारीला बायबलमधल्या नंदनवनात शिरलेल्या सापाची उपमा दिली. पण १९१३ मध्ये साप आत आलाच. १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांचे खाते निर्माण करणारा कायदा झाला. त्याने दोन आज्ञा एकाच वाक्यात दिल्या : लोकांना या जागांचा आनंद घेऊ द्या, आणि पुढच्या पिढ्यांसाठी त्या अबाधित राखा. पहिली आज्ञा पाळण्यासाठी रस्ते वाढले. मग ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून रात्री निखाऱ्यांचा धबधबा सोडण्याची जी करमणूक होती, ती पाहायला एवढी गर्दी लोटू लागली आणि कुरणे तुडवली जाऊ लागली की, १९६८ मध्ये ती बंद करावी लागली. १९७० च्या ४ जुलैला स्टोनमन कुरणात तरुण आणि रेंजर यांच्यात दंगल उसळली. त्याच वर्षी दरीच्या पूर्व टोकाचा भाग खासगी मोटारींना बंद झाला आणि फुकट बसगाड्या सुरू झाल्या. १९८० च्या आराखड्यात तर सर्व खासगी मोटारी दरीतून हळूहळू काढण्याचे ध्येय लिहिले गेले. ते कागदावरच राहिले. १९९७ च्या जानेवारीत मर्सेडला महापूर आला, दोन तळ वाहून गेले, आणि ते पुन्हा उघडले नाहीत. म्हणजे माणसे वाढली आणि तंबूच्या जागा घटल्या. अलीकडे २०२० पासून काही वर्षी मोटारीने आत येण्यासाठीच आगाऊ नोंदणी लावली गेली, काही वर्षी उठवली गेली. आम्ही गेलो त्या उन्हाळ्यात ती होती. तळाची पावती तिच्याऐवजी चालली.

तरीही शनिवारी दरीत मोटारींची रांग अशी लागली होती की, पायी चालणारी मुले त्यांना मागे टाकीत होती. वर एल कॅपिटन, आणि खाली माणसे समोरच्या गाडीचे लाल दिवे पाहत बसलेली! आम्ही मात्र गाडी तळावर उभी करून दोन दिवस तिला हात लावला नाही. मोटारींना बंद झालेल्या जुन्या रस्त्याने मिरर लेकच्या बाजूला चालत गेलो. अर्ध्या तासात माणसे विरळ झाली, आणि हाफ डोमचा तो अर्धा कापलेला घुमट डोक्यावर आला. तिसऱ्या दिवशी टायोगा रस्त्याने तेनाया सरोवर पाहून ३,०३१ मीटर उंचीची खिंड गाठली. सुमारे अर्धे वर्ष हा रस्ता बर्फाखाली असतो. निसर्गाने तेथे स्वतःची नोंदणीपद्धत आधीच लावून ठेवली आहे.

आता माझे मत सांगतो. गर्दीला नावे ठेवणे सोपे आहे. पण गर्दी म्हणजे दुसरे लोक, आणि आपण स्वतः मात्र रसिक, असा त्यात गर्भित अर्थ असतो. शेजारच्या तंबूतले कुटुंब आमच्याइतक्याच हक्काने तेथे आले होते. नोंदणी आवश्यक आहे, हे मी मानतो. पण ती केवळ सकाळी ७ ला वेगवान यंत्रापुढे बसू शकणाऱ्याला जागा देते, चार दिवस आधी रजा मंजूर होणाऱ्या कामगाराला देत नाही. म्हणून माणसांची दारे लहान करण्यापूर्वी त्यांच्या सामानाकडे पाहावे, असे मला वाटते. पाचसहा माणसे फारशी जागा व्यापत नाहीत; त्यांची मोटार व्यापते. ज्या नदीकाठाने आगगाडी जात होती, तेथे २००० सालापासून मर्सेडहून सार्वजनिक बस जाते. आगगाडी मोडायला मोटारीला एकोणीस वर्षे लागली. तिची उणीव भरून काढायला पंचावन्न वर्षे लागली.

हे सारे दूरचे आहे असे समजू नका. ज्या १९०७ साली योसेमिटीची आगगाडी सुरू झाली, त्याच साली नेरळहून माथेरानची छोटी गाडीही सुरू झाली. त्यांनी गाडी मोडली आणि मोटार आत घेतली. आपण गाडी राखली; मधूनमधून दरडी कोसळून ती बंद पडते, पण मोडली नाही. अलीकडे काही ई-रिक्षा आल्या असल्या, तरी आपली खासगी मोटार आजही दस्तुरीपाशी थांबते. या एका गोष्टीत आपण योसेमिटीच्या पुढे आहोत, आणि ते आपल्याला ठाऊकही नाही! साताऱ्याजवळच्या कास पठाराचा, २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या पश्चिम घाटात समावेश आहे. तेथे फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवून आगाऊ नोंदणी घेतली जाते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या पाहतात. या गोष्टींची आपण कुरकुर करतो. फुले आपल्याला दारातून मोटारीत बसून पाहायची असतात.

ओल्मस्टेडचा गुणाकार मराठी माणसालाही लागू आहे. एक फूल, एक बाटली, एक मोटार यांना लाखांनी गुणून पाहा. आणि तोच गुणाकार चांगल्या वागणुकीलाही लागू पडतो, हे त्या अस्वलांच्या हकिकतीने दाखवून दिले आहे. जागा सर्वांची ठेवायची असेल, तर प्रत्येकाने आपली थोडी सोय सोडली पाहिजे. नाहीतर एक दिवस जागाच सोडावी लागेल.