चरबीचा मेंदूला निरोप
(मंडळाच्या गणेशोत्सवात, नवा रायपुर येथे दिलेले व्याख्यान)



मोदकांचे ताट समोर ठेवून चरबीवर बोलायला लावणे हा मंडळाचा खट्याळपणाच आहे. तरी बोलतो, कारण एक जुनी चूक कबूल करायची आहे. माझी थोरली बहीण अंगाने स्थूल. मी तिला वर्षानुवर्षे ऐकवत आलो, "ताई, तोंडावर ताबा ठेव." ती उपाशी राहून पाच-सात किलो उतरवायची आणि वर्षभरात ते परत यायचे. मी म्हणायचो, जिद्दच नाही.

चरबी म्हणजे नुसते कोठार, असे आपण समजत होतो. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने एक जनुक शोधले. त्यावरून चरबीत जे संप्रेरक बनते, ते लेप्टिन. रक्तावाटे ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला कळवते, की कोठारात साठा किती आहे. क्वचित एखाद्या मुलात ते जन्मतःच बनत नाही. मेंदूला वाटते, कोठार रिकामे! केंब्रिजच्या डॉक्टरांनी अशा एका नऊ वर्षांच्या, ९४ किलो वजनाच्या मुलीला लेप्टिन टोचले. तिची भूक आवरली, वजन उतरू लागले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. त्या पोरीलाही आधी कोणीतरी हावरट म्हटलेच असेल.

मग सर्वांनाच ते का टोचू नये? बहुतेक स्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असते. मेंदूच त्याला नीट दाद देत नाही. (सध्या बोलबाला असलेली वजनाची इंजेक्शने लेप्टिनची नव्हेत, ती आतड्यातल्या संप्रेरकाची नक्कल करतात.) उपास करून चरबी घटली की लेप्टिन झपाट्याने उतरते. मेंदू समजतो, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो, ऊर्जेचा खर्च आखडता घेतो. बहात्तरचा दुष्काळ आणि आपले डाएट यांतला फरक त्याला कळत नाही. म्हणून वजन सावकाश उतरवावे, आणि उतरल्यावरही भूक जास्त लागणार हे धरून चालावे.

सेंध तलावाकाठी फिरताना आम्हाला हसणाऱ्या सडपातळ मंडळींनीही ऐकावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, निर्देशांक २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! पुण्यातली नवजात बाळे लंडनच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली, असेही याज्ञिकांच्या गटाला आढळले. तेव्हा काट्यावर विसंबू नका, कंबरही मोजा.

गेल्या राखीला ताईला हे सगळे सांगितले आणि माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, "भूक लागायची रे. फार लागायची."

आता आपले प्रश्न घेतो.